चार पिस्टन आणि बाबांची पाठ

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. हिंजवडीतल्या ऑफिसचं बेसमेंट पार्किंग. टीममधल्या एका पठ्ठ्यानं नवीकोरी बाइक आणलीय. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. भोवती सात-आठ जणांचं कोंडाळं. ‘सीसी किती? टॉप किती? ईएमआय किती?’ हे तीन राष्ट्रीय प्रश्न विचारून झालेत. मग कुणाला तरी आठवलं, की आपल्यात बाइकवर कॉलम लिहिणारा एक म्हातारा (वय वर्षे ४१) आहे.

‘‘सर, तुमचं ड्रीम इंजिन कोणतं?’’

‘‘फ्लॅट-फोर.’’

दोन सेकंद शांतता. मग मागून एक आवाज, ‘‘फ्लॅट? वाकडला की बाणेरला?’’

हसा लेको! फ्लॅट म्हटलं की आपल्या पिढीला फक्त होम लोन आठवतं. पण ज्या फ्लॅटबद्दल मी बोलतोय, त्यात चार जण राहतात, दोघं डावीकडे आणि दोघं उजवीकडे. चौघं दिवसभर एकमेकांच्या विरुद्ध धावतात आणि तरी घर अजिबात हलत नाही. असं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्ध्यात, आर्वी नाक्याजवळच्या एका गॅरेजच्या भिंतीवर. पोस्टरमध्ये!

बाकड्यावरची फिजिक्स

साल १९९८. मी नववीत. गाव वर्धा. गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच-३२, मे महिन्यात ४५ अंश आणि आमचं एकमेव एंटरटेनमेंट म्हणजे मिस्त्रीकाकांचं गॅरेज. भिंतीवर ग्रीसचे डाग पडलेलं, कोपरे गेलेलं एक पोस्टर होतं. सोफ्यासारखी सीट, पुढे भलीमोठी काच, मागे पेट्या आणि खाली दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारं इंजिन. होंडा गोल्डविंग. आम्हा पोरांना त्या गाडीतलं काडीचं कळत नव्हतं. इंजिन एका बाजूला असतं (स्कूटर) किंवा मध्ये उभं असतं (मोटारसायकल), एवढंच आमचं ज्ञान. हे दोन्हीकडे कसं?

मिस्त्रीकाकांनीही ती गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण त्यांना इंजिन कळायचं. त्यांनी मला गॅरेजमधल्या डुगडुगत्या बाकड्यावर बसवलं आणि म्हणाले, ‘‘हं पोट्ट्या, आता समोर झुक अन् मागं ये. जोरात. थांबू नको.’’ मी झुकलो, मागे आलो, झुकलो, मागे आलो. बाकडं खडखडत पुढे-मागे सरकायला लागलं.

‘‘हे झालं तुह्या बापाच्या गाडीचं इंजिन. एक सिलिंडर.’’

मग माझ्या पाठीला पाठ लावून मित्राला बसवलं. दोघांनी एकाच वेळी आपापल्या समोर झुकायचं आणि एकाच वेळी मागे यायचं. आम्ही झुकलो. बाकडं जागचं हललं नाही.

‘‘पाय, एक इकडं धावला का दुसरा तिकडं धावते. दोघाईचा जोर एकमेकात जिरून जाते. मंग इंजिन हालन कायले?’’

दहावीत, बारावीत, पुढे इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मी डायनॅमिक्सचे बरेच लेक्चर अटेंड केले. पण या बाकड्याइतकं स्वच्छ मला कुणीच समजावलं नाही.

थोडं अजून उलगडून सांगतो, घाबरू नका, परीक्षा नाहीये. इंजिन ४००० आरपीएमवर चालतंय म्हणजे पिस्टन मिनिटाला ४००० वेळा वर आणि ४००० वेळा खाली. दर सेकंदाला सव्वाशेहून जास्त वेळा त्याला पूर्ण थांबून उलट दिशेला पळावं लागतं. लोकलच्या गर्दीत कुणी असं करायला लागलं तर आजूबाजूच्यांची काय हालत होईल? एक सिलिंडरच्या इंजिनात तोच धक्का क्रँक, चासिस, हँडल असा प्रवास करत तुमच्या मनगटात पोचतो. क्रँकवर वजनं लावून तो कमी करता येतो, पण पूर्ण नाही. वजन वाढवलं की वर-खालीची थरथर कमी होते आणि पुढे-मागेची वाढते. म्हणजे एका खिशातलं दुसऱ्या खिशात!

फ्लॅट-फोरमध्ये बाकड्यावर चार पोरं असतात. समोरासमोरची एक जोडी एकाच वेळी बाहेर जाते, तेव्हा दुसरी जोडी एकाच वेळी आत येते. बॉक्सर ग्लोव्हज आपटतो ना, तसं. म्हणून या रचनेला ‘बॉक्सर’ही म्हणतात. पिस्टनचे धक्के तिथल्या तिथे जिरतात. समोरासमोरचे सिलिंडर अगदी एका रेषेत बसवता येत नाहीत, किंचित मागे-पुढे असतात, त्यामुळे एक बारीकशी आडवी लचक उरते, बाकी शांतता. वर दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट, त्यामुळे ताकदही झटक्याझटक्यानं न येता सलग येते. आणि इंजिन आडवं झोपलेलं असल्यामुळे सगळं वजन खाली. पाव टनाची गाडीसुद्धा चालायला लागली की हलकी वाटते.

वर्ध्याचं नाव, कलती स्कूटर

‘पण वर्धा आणि मोटारसायकल? वर्धा म्हणजे तर गांधीजी, सेवाग्राम, खादी,’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणत असेल तर थांबा. भारतातल्या दुचाकीच्या कहाणीचं एक मूळ वर्ध्यातच आहे.

जमनालाल बजाज लहानपणी वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरात दत्तक आले. पुढे ते गांधीजींचे पाचवे पुत्र म्हणून ओळखले गेले आणि गांधीजी वर्ध्याला आले तेही त्यांच्याच आग्रहामुळे. जमनालालजी १९४२ मध्ये गेले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, एक कंपनी सुरू झाली : बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १९४८ पासून ती परदेशी स्कूटर आणि तीनचाकी आयात करून विकायला लागली, १९५९ मध्ये तिला इथे गाड्या बनवायचं लायसन्स मिळालं, आणि पुढे तिचं नाव झालं बजाज ऑटो. म्हणजे आकुर्डीहून जी ‘चेतक’ देशभर गेली, तिच्या पणजोबांचं नाव वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याचं.

आणि गंमत बघा. १९७२ मध्ये आलेल्या त्या चेतकचं इंजिन होतं एका कुशीला, उजव्या बाजूला. आपल्या वडिलांच्या पिढीनं त्या कललेल्या स्कूटरवर अख्खा संसार बॅलन्स केला : पुढे पोरगा उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर बाळ, आणि हुकाला अडकवलेली भाजीची पिशवी. सकाळी स्कूटर एकदा कलवायची, मग किक, हा विधी तर पूजेइतकाच पक्का. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि नंबर लागला की पेढे वाटायचे. तोल गाडीनं सांभाळायचा असतो, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो चालवणाऱ्यानं सांभाळायचा, असाच रिवाज.

नेमकं त्याच १९७२ साली, जपानमध्ये होंडाच्या काही इंजिनीअर्सना एक वेगळं काम मिळालं होतं.

चौघांचा जुना संसार

तिकडे जाण्याआधी एक फ्लॅशबॅक. मोटारसायकलमध्ये फ्लॅट-फोर बसवायची खटपट होंडाच्या फार आधीची.

एकोणिसावं शतक संपता संपता इंग्लंडमध्ये कर्नल होल्डन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं चार आडव्या सिलिंडरांची मोटारसायकल बनवली. त्याचे कनेक्टिंग रॉड थेट मागच्या चाकाला जोडलेले, रेल्वेच्या वाफेच्या इंजिनासारखे. ना गिअर, ना क्लच! (हेच होल्डन साहेब पुढे ब्रुकलँड्सच्या प्रसिद्ध रेस ट्रॅकच्या डिझाइनमागेही होते.) १९३३ मध्ये जर्मनीत झुंडापनं ‘के ८००’ आणली : फ्लॅट-फोर, चेनऐवजी शाफ्ट. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं वापरलेली चार सिलिंडरची मोटारसायकल म्हणजे हीच. १९३८ च्या लंडनच्या प्रदर्शनात जॉर्ज ब्रफनं ‘गोल्डन ड्रीम’ मांडली. दोन आडवी ट्विन इंजिनं एकावर एक ठेवून केलेला चौघांचा दुमजली फ्लॅट. लॉरेन्स ऑफ अरेबिया ज्या ब्रफ सुपीरियरवर जीव टाकायचा, तीच ही कंपनी. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि सोनेरी स्वप्न मोजक्या गाड्यांवरच संपलं.

अजून एक नमुना सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये ‘अमेझोनास’ नावाची मोटारसायकल निघाली. तिच्यात इंजिन कशाचं? फोक्सवॅगन बीटलचं! होय, तीच कासवासारखी कार. तिचंही इंजिन फ्लॅट-फोरच. कारचं इंजिन उचललं, दोन चाकांत बसवलं. आपल्याकडे विहिरीच्या पंपाचं इंजिन काढून त्याचं ‘जुगाड’ वाहन करतात, त्याचा हा लांबचा ब्राझिलियन भाऊ.

मग ही रचना सगळ्यांनीच का नाही उचलली? कारण हा फ्लॅट महाग आहे. सिलिंडर दोन्हीकडे, म्हणजे दोन सिलिंडर हेड, दोन कॅमशाफ्ट, सगळं डबल. गाडी रुंद आणि जड. शिवाय गरमीचा प्रॉब्लेम : वारा पुढून येतो, पुढचे दोन सिलिंडर गार होतात, मागच्या दोघांना मिळते त्यांनी गरम केलेली हवा. उन्हाळ्यात वर्धा-नागपूर एसटीत ड्रायव्हरमागची सीट आणि शेवटची सीट यांत जो फरक असतो, तोच.

टाकी नसलेली टाकी

आता पुन्हा १९७२. होंडाची चार सिलिंडरची ‘सीबी ७५०’ १९६९ पासून धुमाकूळ घालत होती. पण होंडाला वेगळी गाडी हवी होती. अमेरिकेत लोक एका दिवसात सातशे-आठशे किलोमीटर मारतात. त्यांना शर्यत जिंकायची नसते, त्यांना पोचायचं असतं. शोइचिरो इरिमाजिरी या इंजिनीअरच्या हाताखाली टीम बसली. हा माणूस होंडाच्या सहा सिलिंडरच्या रेसिंग इंजिनांसाठी गाजलेला. त्याच्या टीमनं पहिला प्रयोगही सहाच सिलिंडरचा केला : १४७० सीसी, फ्लॅट-सिक्स. पण इंजिन फार लांब झालं, चालवणाऱ्याला बसायला नीट जागा उरेना. मग दोन सिलिंडर कमी झाले आणि फ्लॅट-फोर नक्की झालं.

ऑक्टोबर १९७४ मध्ये जर्मनीतल्या कलोनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली : होंडा जीएल १०००, गोल्डविंग. ९९९ सीसी, साधारण ८० हॉर्सपॉवर, शाफ्ट ड्राइव्ह. मागच्या सिलिंडरांच्या गरमीवर उपाय म्हणून वॉटर कूलिंग, पुढे कारसारखा रेडिएटर. क्रँक गाडीच्या लांबीत असला की ॲक्सिलरेटर पिळल्यावर गाडी एका बाजूला झटका खाते; त्यावर उपाय म्हणून अल्टरनेटर चक्क उलट्या दिशेनं फिरवला. इथेही तेच बाकडं!

आणि टाकी? जिथे पेट्रोलची टाकी दिसते, तिथे टाकी नव्हतीच. त्या खोट्या टाकीची झाकणं पंखांसारखी दोन्हीकडे उघडायची. आत वायरिंग, टूल्स आणि बॅटरी रुसली तर लावायची एक सुटी किक. खरं पेट्रोल सीटखाली, पुन्हा वजन खाली राहावं म्हणून.

पहिल्या गोल्डविंगला पुढची काच, पेट्या काहीच नव्हतं. त्या लोकांनी स्वतः बाहेरून लावून घेतल्या. १९८० मध्ये इंजिन १०८५ सीसीचं झालं आणि ‘इंटरस्टेट’ मॉडेलला काच आणि पेट्या कंपनीतूनच बसून यायला लागल्या. त्याच वर्षी गोल्डविंग अमेरिकेत, ओहायोमधल्या मेरिसव्हिलला बनायला लागली. जपानी गाडी, अमेरिकन रस्ते, अमेरिकन कामगार. १९८४ मध्ये ११८२ सीसी. आणि मग १९८७ च्या शेवटी होंडानं आपलं जुनं स्वप्न बाहेर काढलं. १९८८ चं मॉडेल आलं ते सहा सिलिंडरचं, १५२० सीसी. सहा सिलिंडरमध्ये ती उरलीसुरली लचकही संपते.

त्यानंतर कुठल्याच मोठ्या कंपनीनं फ्लॅट-फोर मोटारसायकल नियमित विकली नाही. म्हणजे दोन चाकांवरचा हा संसार खऱ्या अर्थानं बहरला तो जेमतेम १३ वर्षं. गोल्डविंग मात्र आजही आहे, फ्लॅट-सिक्स. २०२५ मध्ये पन्नाशीनिमित्त निघालेली खास आवृत्ती भारतात आली तेव्हा किंमत होती चाळीस लाखांच्या घरात. घ्या, वाकडचा वन-बीएचके की गोल्डविंग, तुम्हीच ठरवा! आणि समजा घेतलीत, वर्ध्यापर्यंत चालवत न्यायची म्हटलं, तर ज्या समृद्धी महामार्गानं वर्धा जिल्हा नागपूर-मुंबईला जोडला गेलाय, त्यावर दुचाकीला बंदी आहे.

‘किती तास चालवता येत असेल?’

पण आजचा कॉलम मला गोल्डविंगसाठी लिहायचा नव्हता. बाबांसाठी लिहायचा होता.

बाबा एका सरकारी खात्यात होते. काम फिरतीचं. सेलू, कारंजा, आर्वी, कधी देवळी, कधी हिंगणघाट. कापूस, सोयाबीन, तुरीच्या शेतांमधले रस्ते, आणि रस्ते म्हणजे दोन खड्ड्यांमधली जागा. गाडी एक सिलिंडरची. (कंपनीचं नाव सांगत नाही, तेव्हा सगळ्या सारख्याच होत्या.) दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, अशी सत्तावीस वर्षं.

त्या १९९८ च्या दुपारी बाबा गाडी घ्यायला गॅरेजवर आले. आम्ही पोरं पोस्टरपुढे उभे. मी ज्ञान पाजळलं, बाकड्याची सगळी थिअरी सांगितली. बाबांनी पोस्टरकडे बराच वेळ पाहिलं आणि मिस्त्रीकाकांना विचारलं, ‘‘ही सलग किती तास चालवता येत असेल हो?’’

मला इतकी लाज वाटली ना! मित्रांसमोर! मी म्हणालो, ‘‘बाबा, स्पीड विचारा ना. तास काय विचारता?’’ सगळे हसले. बाबाही हसले. मिस्त्रीकाका तेवढे हसले नाहीत. म्हणाले, ‘‘साहेब, दिवसभर चालवा. हात बधिर होणार नाही.’’

तेव्हा घरात एक रोजचं दृश्य होतं. बाबा संध्याकाळी यायचे, हात-पाय धुवायचे आणि शर्टाची वरची दोन बटणं आई काढून द्यायची. मला ते लाड वाटायचे. थोडं रोमँटिकही वाटायचं, खरं सांगतो. खूप वर्षांनी आई सहज बोलून गेली, की संध्याकाळी बाबांच्या बोटांना बटण कळायचंच नाही. तासभर तरी लागायचा बोटांत जीव यायला. पाठीला पट्टा होता तो आम्ही पाहत होतो. बोटांचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कारणं बरीच असतील. रस्ते, सीट, वय. पण सतत थरथरणारी हत्यारं वर्षानुवर्षं धरणाऱ्या कामगारांची बोटं बधिर होतात, पांढरी पडतात, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. हँडल हेही हत्यारच की. आपण ‘गाडीत काय दम आहे, कशी धडधडते बघ’ म्हणतो ना, ती धडधड कुठेतरी जाऊन मुरत असते. कुणाच्या तरी मनगटात, कुणाच्या तरी मणक्यात. वीकएण्डला लोणावळ्यापर्यंत मजा असते. रोज सत्तर किलोमीटर, सत्तावीस वर्षं, ही मजा राहत नाही.

गेल्या दिवाळीत वर्ध्याला गेलो तेव्हा बऱ्याच वर्षांनी मगन संग्रहालयात चक्कर मारली. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, चरखे आणि ग्रामोद्योगाचं म्युझियम. शाळेच्या सहलीत तिथे आम्ही फक्त दंगा केला होता. या वेळी चरख्यांपुढे उभं राहिल्यावर एक जुनी गोष्ट आठवली. १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. तेव्हाचे लाख, बरं का! अटी वाचल्या तर एखाद्या कंपनीच्या प्रॉडक्ट स्पेसिफिकेशनची आठवण येईल : वजनाला हलका, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वेळेवर सर्व्हिसिंग केलं तर वीस वर्षं टिकणारा. आणि त्यातली एक अट अशी, की घरातल्या बाईला तो आठ तास चालवता आला पाहिजे, फार न दमता.

आठ तास. फार न दमता.

आपण समजतो गांधीजी यंत्राच्या विरोधात होते. ते यंत्राच्या वेडाच्या विरोधात होते. शिवणयंत्राचं तर ते कौतुक करायचे. यंत्र चांगलं की वाईट हे ठरवायची त्यांची फूटपट्टी साधी होती : चालवणाऱ्या माणसाचं ते काय करतं? होंडाच्या टीमनं १९७२ मध्ये कागदावर मांडलेला प्रश्न याहून फार वेगळा नव्हता. आणि माझ्या बाबांनी त्या गॅरेजमध्ये विचारलेला प्रश्नही नेमका हाच होता. सगळ्यात कमी अक्कल त्या दिवशी तिथे कुणाला होती, तर स्पीड विचारणाऱ्या मला.

सुरू झाली का?

चेतकचं नाव जानेवारी २०२० मध्ये परत आलं, इलेक्ट्रिक होऊन. तिच्यात पिस्टनच नाही. थांबून उलटं पळणारं काहीच नाही, फक्त गोल फिरणारं. फ्लॅट-फोरला चार सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट आणि उलटा फिरणारा अल्टरनेटर लावून जे मिळवावं लागलं, ते हिला जन्मतःच मिळालंय. इंजिनप्रेमी म्हणून माझ्या मनाला थोडं लागतं ते. इतकी सुंदर खटाटोप आता कुणाला करावीच लागणार नाही. पण फ्लॅट-फोरला हवं होतं ते हेच तर होतं ना?

दिवाळीत मित्राची इलेक्ट्रिक स्कूटर मागून घेतली आणि बाबांना पुढे बसवलं. रिटायर झाल्यापासून त्यांनी गाडी हातात घेतली नव्हती. सेवाग्रामच्या रस्त्याला पहाटे गर्दी नसते. बाबांनी हँडल नेहमीच्या सवयीनं घट्ट पकडलं, बोटं पांढरी होईस्तोवर, आणि वाट पाहत बसले.

‘‘सुरू झाली का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘केव्हाचीच,’’ मी म्हणालो.

त्यांनी हळूहळू पकड सैल केली. आश्रमापर्यंत जाऊन आलो. घरी आल्यावर त्यांनी स्वेटरची बटणं स्वतः काढली, एकेक करून, आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. काही बोलले नाहीत. मीही नाही.

या आठवड्याची किक

नवी बाइक घेताय? टेस्ट राइडला शोरूमच्या गल्लीत एक चक्कर मारून ‘सॉलिड आहे यार’ म्हणू नका. निदान अर्धा तास मागा. तुम्ही रोज ज्या स्पीडनं ऑफिसला जाता, त्याच स्पीडनं चालवा. आरशात बघा : मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतोय, की नुसता पुसट रंग दिसतोय? पुसट असेल तर ती थरथर तुमच्या हातातही जातेय. उतरल्यावर शर्टाचं बटण लावून बघा. एक सिलिंडरच घ्यायची असेल तर बॅलन्सर शाफ्ट आहे का विचारा. २०२० नंतरच्या नव्या ३५० सीसी बुलेट-क्लासिक मंडळींच्या इंजिनातही तो आलाय, आणि फरक बसल्याबसल्या कळतो.

आणि घरी कुणाच्या बाबांनी आयुष्यभर फिरतीची नोकरी केली असेल, तर या वीकएण्डला त्यांना सीसी, टॉप स्पीड असलं काही सांगू नका. नुसतं विचारा, ‘‘तुम्ही किती तास चालवायचात हो?’’

उत्तर ऐकायला थोडा वेळ काढून बसा.